हॉटेलच्या जमिनीखाली वाघ शिरला कसा? (रॅफल्स हॉटेलवरून शिकवलेला एक पाठ)



दहावीच्या इतिहासात ‘पर्यटन आणि इतिहास’ आणि ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हे दोन पाठ अगदी शेवटी येतात. तोवर सराव परीक्षा डोक्यावर असतात, त्यामुळे हे पाठ कसे उरकले जातात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मीही तेच करत आलो. व्याख्या, चार उदाहरणं, स्वाध्याय, संपलं. या वर्षी मात्र दोन्ही पाठ एकाच इमारतीवरून शिकवून पाहिले. ती इमारत आपल्याकडची नाही, सिंगापूरची आहे. पण शिकवता शिकवता भूगोल आला, विज्ञान आलं आणि शेवटी आमच्याच वर्गाचं छत चर्चेत आलं. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात गोष्टीने करा. १९०२ साली सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात वाघ शिरला. जवळच प्राण्यांचे खेळ चालू होते, तिथून तो निसटला होता. त्याला मारायला शिकारी म्हणून कोण आलं असेल? रॅफल्स इन्स्टिट्यूशन या शाळेचे मुख्याध्यापक, चार्ल्स फिलिप्स! त्यांचा नेम पक्का होता आणि वाघ त्यांच्याच गोळीने मेला. (इथे मुलं आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बघून हसतात. हसू द्या.)

आता ही गोष्ट सांगणारे बरेच लोक म्हणतात की वाघ बिलियर्डच्या टेबलाखाली दडला होता. ऐकायला मजा येते, पण तो टेबलाखाली नव्हता. तो बिलियर्डच्या खोलीच्या जमिनीखाली होता. मुलांना नेमकं हेच विचारा: जमिनीखाली वाघ जाईल कसा? माझ्या वर्गात उत्तरं आली ती तळघर, भुयार, गटार अशी. एकालाही खरं उत्तर सुचलं नाही, कारण आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर घर म्हणजे जोत्यावर पक्की फरशी. ती बिलियर्ड रूम मात्र छोट्या खांबांवर उचललेली होती. खाली मोकळी जागा, वर लाकडी जमीन. वाघ त्या मोकळ्या जागेत घुसला होता.

आणि मग खरा प्रश्न फळ्यावर लिहायचा. चांगली जमीन असताना घर खांबांवर उचलायचं कशाला?

इथे नकाशा काढा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे उन्हाळा-हिवाळा असा फरक जवळपास नसतोच. दुपारी ३१ ते ३३ अंश, रात्री २४-२५ अंश, वर्षभर थोडंफार हेच. पाऊसही बाराही महिने. आकडे ऐकून नागपूर-अकोल्याची मुलं म्हणतील, एवढंच? आमच्याकडे मे महिन्यात ४५ असतं! बरोबर आहे. मग त्यांना दुसरा प्रश्न टाका, कारण याच प्रश्नावर सगळा पाठ उभा आहे: नागपुरात कूलर छान चालतो, तोच कूलर मुंबईत किंवा रत्नागिरीत का चालत नाही?

मुलांपैकी कुणाची तरी मावशी मुंबईला असतेच, त्यामुळे अनुभवाने उत्तर येतं. ‘तिथे चिकचिक होते.’ हीच चिकचिक उलगडून दाखवायची. घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो, कूलरच्या ताट्यांमधलं पाणीही पटकन वाळतं, हवा गार होते. वाळ्याचे पडदे भिजवून खिडकीला लावायची विदर्भातली जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. दमट हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. अंगाभोवती ओल्या, कोंदट हवेचा एक थर बसून राहतो. तो थर हलवायचा उपाय एकच, वारा. म्हणजे उष्ण-कोरड्या प्रदेशातलं घर उन्हापासून दारं-खिडक्या मिटून घेतं आणि उष्ण-दमट प्रदेशातलं घर सगळीकडून उघडं राहायला बघतं. दोन्हीकडे उकाडाच, पण उपाय एकमेकांच्या उलट.

जाड भिंतींचंही तसंच. कोरड्या भागात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि आतली खोली बराच वेळ गार ठेवते, रात्री तापलेली भिंत बाहेरच्या गार हवेत निवते. सिंगापुरात रात्रीही पारा फारसा उतरत नाही, मग भिंत निवणार कधी? तिथे भिंत तापूच न देणं हाच मार्ग. म्हणून भिंतीवर सावली धरायची, आणि सावली धरतो तो व्हरांडा.

आता रॅफल्स हॉटेलचा फोटो दाखवा. शाळेत प्रोजेक्टर नसला तरी चालेल, फळ्यावर छेद काढा. मी तोच काढला आणि मला वाटतं फोटोपेक्षा तो जास्त उपयोगी पडला. वर उतरतं कौलारू छप्पर, त्याखाली माळ्याची रिकामी पोकळी, मग सुमारे १४ फूट उंचीची खोली, खोलीच्या बाहेर रुंद व्हरांडा, व्हरांड्यापलीकडे झाडांचं मोकळं अंगण. हे अंगण म्हणजे तिथलं प्रसिद्ध पाम कोर्ट. खोल्यांची दारं व्हरांड्यात उघडतात. दारा-खिडक्यांना तिरप्या लाकडी पट्ट्या. त्या ऊन अडवतात, आतलं दिसू देत नाहीत आणि वारा मात्र सोडतात.

व्हरांड्याचं काम मुलांना ‘सावली’ एवढंच वाटतं. त्यांना पावसाबद्दल विचारा. दमट प्रदेशात अडचण अशी की जेव्हा धो धो पाऊस पडतो तेव्हा आपण खिडक्या लावून घेतो, आणि खिडक्या लावल्या की आत जीव गुदमरतो. छप्पर आठ-दहा फूट पुढे आलं तर पावसातही खिडकी सताड उघडी ठेवता येते. कोकणातल्या मुलाला हे लगेच कळतं. पडवीत बसून पागोळ्या बघितलेल्या असतात त्याने!

आणखी एक गंमत भूगोलाच्या शिक्षकांसाठी. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून दक्षिणेची भिंत सांभाळली की बरंचसं भागतं. सिंगापुरात मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधले सहा महिने तो उत्तरेकडे, उरलेले सहा महिने दक्षिणेकडे. मग सावली एकाच बाजूला धरून कसं चालेल? अशा ठिकाणी चारही बाजूंनी व्हरांडा असलेला बंगला का शोभतो, ते ‘शून्य सावलीचा दिवस’ शिकवताना सहज सांगता येईल.

आणि खांबांवर उचललेली जमीन? खालून वारा खेळतो, ओल वर चढत नाही, पावसाचं पाणी आत येत नाही. वाघ येतो, पण तो एकदाच आला!

एवढं झाल्यावर हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालं, तिकडे वळा. हॉटेलची थोडी माहिती द्यावी लागेल. १ डिसेंबर १८८७ रोजी ते सुरू झालं तेव्हा समुद्रकाठचा एक जुना बंगला आणि त्यातल्या दहा खोल्या, एवढाच पसारा होता. बंगला एका अरब व्यापाऱ्याच्या मालकीचा. चालवणारे सार्कीज बंधू, मूळचे इराणमधल्या इस्फहानचे आर्मेनियन. पेनांगचं ईस्टर्न अँड ओरिएंटल आणि रंगूनचं स्ट्रँड ही हॉटेलंही त्यांचीच. आज आपण जी पांढरीशुभ्र तीन मजली मुख्य इमारत बघतो ती १८९९ ची. तिचा आराखडा स्वान अँड मॅक्लारेन या कंपनीतल्या बिडवेल नावाच्या वास्तुविशारदाने केला. कमानी, खांब, नक्षी हे सगळं युरोपच्या प्रबोधनकाळातल्या इमारतींसारखं. त्यामुळे बघणारा म्हणतो, ‘वा, काय इंग्रजी थाट!’

पण थाट बाजूला ठेवून नुसता सांगाडा बघा. खांबांवर उचललेली जमीन आणि मोठं उतरतं छप्पर मलाय लोकांच्या घरांना कितीतरी आधीपासून होतं. ‘बंगला’ हा शब्दच मुळी बंगालचा. तिथल्या झोपडीवजा घरावरून इंग्रजांनी तो उचलला आणि आशिया-आफ्रिकाभर नेला. ‘व्हरांडा’ पोर्तुगीज भाषेतही आहे आणि भारतीय भाषांतही. मूळ कुणाचं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण तो लंडनच्या थंडीत जन्मलेला नाही हे नक्की. म्हणजे ज्याला आपण ‘कॉलोनियल स्टाइल’ म्हणून कौतुकाने फोटो काढतो, त्याचा वरचा मुलामा युरोपचा आणि शहाणपण इथल्या उन्हापावसात राहिलेल्या माणसांचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे फार सोप्या शब्दांत मांडलं. ती म्हणाली, ‘सर, घर आजीचं आणि कपडे साहेबाचे.’ मी ते फळ्यावर तसंच लिहिलं.

सिंगापूरच्या जुन्या इमारतींच्या संदर्भात आपल्या मुलांना सांगावी अशी एक गोष्ट आहे आणि ती पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सहसा नसते. १८२५ पासून १८७३ पर्यंत इंग्रज सरकार बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूरला पाठवत असे. काळं पाणी म्हटलं की आपल्याला फक्त अंदमान आठवतं. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि आज राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेली इस्ताना ही इमारत या भारतीय कैद्यांच्या हातून उभी राहिली. कॅथेड्रलच्या आतल्या गुळगुळीत गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा बलक, साखर आणि नारळाच्या सोडणांत भिजवलेलं पाणी आहे. त्याला ‘मद्रास चुनम’ म्हणतात. आपला ‘चुना’च तो! रॅफल्स हॉटेल या कैद्यांनी बांधलेलं नाही, ते पुष्कळ नंतरचं. हा फरक मुलांना जरूर सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी उत्तरपत्रिकेत भलतंच वाचायला मिळेल.

माझा तास इथे संपायला हवा होता. पण एका मुलाने विचारलं, ‘लाइट नव्हते तेव्हा वारा पडला तर काय करायचे?’ मी सांगितलं, छताला कापडाचा लांब पंखा टांगलेला असे, त्याची दोरी ओढली की तो हलायचा. ‘दोरी कोण ओढायचं?’ नोकर. ‘तो कुठे बसायचा?’

या ‘कुठे’चं उत्तर देताना मी थबकलो, खरं सांगतो. तो बाहेर व्हरांड्यात बसायचा. दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलेली असायची. आत साहेब जेवायचा नाहीतर झोपायचा, आणि बाहेर हा माणूस तासन्‌तास हात नाहीतर पाय हलवत राहायचा. त्या काळी भारतापासून मलायापर्यंत हीच रीत होती. इतका वेळ मी ज्या व्हरांड्याचं कौतुक करत होतो तो एकासाठी आरामखुर्चीची जागा होता आणि दुसऱ्यासाठी कामाची. रॅफल्सच्या १८९९ च्या मुख्य इमारतीत विजेचे दिवे आणि विजेचे पंखे आले. त्या भागात ती मोठी नवलाई होती. पाहुण्यांची सोय झाली आणि पंखा ओढणाऱ्याचं काम गेलं. ते काम जाणं चांगलं की वाईट? वर्गात यावर वीस मिनिटं वाद झाला. मी मध्ये पडलो नाही. तुम्हीही पडू नका.

आज त्या हॉटेलच्या लाँग बारमध्ये छताला ताडाच्या पानांच्या आकाराच्या पंख्यांची रांग आहे. ते जुन्या पंख्यांसारखे मागेपुढे झुलतात. झुलवते मोटर. दोरी नाही, दोरीच्या टोकाला माणूसही नाही. खोल्यांत अर्थातच एसी आहे, म्हणजे झुलणारा पंखा आता गारव्यासाठी नाही, बघण्यासाठी आहे. मला विचाराल तर हेरिटेज हॉटेलची सगळी मोहिनी या एका पंख्यात दिसते. जुन्या काळातलं सुंदर ते ठेवलं जातं, आणि ज्याच्या जिवावर ते चालायचं तो चित्रातून निघून जातो. याचा अर्थ ती हॉटेलं वाईट असा मी काढत नाही. पर्यटक नसते तर त्यातल्या निम्म्या इमारती एव्हाना पडल्या असत्या. पण मुलांनी बघताना दोरीचं भोक शोधावं, एवढं मला वाटतं.

याच टप्प्यावर ‘जतन’ हा पाठ आपोआप सुरू होतो. १९८७ साली, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी, सिंगापूर सरकारने हॉटेलला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. मग १९८९ ते १९९१ ते बंद ठेवून दुरुस्त केलं. दुरुस्त करणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न विटांचा किंवा रंगाचा नव्हता, वर्षाचा होता. इमारत कोणत्या सालासारखी करायची? हॉटेल तर सतत बदलत आलेलं. १८८७ चा बंगला, १८९९ ची मुख्य इमारत, १९२० सालचा समोरचा नृत्याचा हॉल, १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा बदललेलं नावसुद्धा. शेवटी ठरलं १९१५. त्यासाठी नंतरची भर काढली, समोरचा तो हॉलही पाडला आणि जुन्या धर्तीचा लोखंडी पोर्च पुन्हा उभारला.

हॉल पाडला ते योग्य केलं का? तोही सत्तर वर्षांचा होता, त्यालाही इतिहास होता. मुलांना दोन गट करून बोलू द्या. आणि मग त्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्या. गावातलं जुनं देऊळ, ज्याच्या दगडावर ऑइलपेंट चढवलाय आणि समोर पत्र्याचा मंडप टाकलाय. जतन करायचं तर पेंट काढायचा का? मंडप काढायचा का? मंडपात दर एकादशीला भजन होतं, मग? पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या प्रश्नांवर मुलं जास्त बोलतात. आमच्या वर्गात मंडप ठेवायचा आणि पेंट काढायचा असं बहुमताने ठरलं. देवळाला अजून कुणी कळवलेलं नाही.

एक जागा मात्र सिंगापूरलाही परत आणता आली नाही. हॉटेल ज्या बीच रोडवर आहे त्याच्या नावात समुद्र आहे, आणि सुरुवातीला तो समोरच होता. पुढे भर घालून जमीन वाढवत नेली. आता व्हरांड्यातून रस्ते आणि उंच इमारती दिसतात. मुंबईच्या मुलांना हे समजायला वेळ लागत नाही.

आता उपक्रम. हॉटेलात राहायला आपल्यापैकी कुणी जाणार नाही, तिथलं एका रात्रीचं भाडं ऐकूनच आपण परत फिरू! पण जे तिथे आहे ते तपासून बघायला शाळा पुरते. साधे तापमापक घ्या. एक व्हरांड्यात, एक वर्गात, एक वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत टांगा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन वाजता नोंदी, आठवडाभर. आणखी एका तापमापकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा. कोरड्या आणि ओल्या तापमापकातला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. कूलर का चालत नाही हे मुलांना आकड्यांत दिसेल.

दुसरा प्रयोग उदबत्तीचा आहे आणि तो शिक्षकानेच करायचा. वर्गाच्या मधोमध उदबत्ती धरा. आधी सगळं बंद, मग समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, मग खिडक्या बंद पण वरचे झरोके उघडे. धूर कुठे जातो हे मुलांनी वहीत बाणांनी काढायचं. घरी पालकांनाही हे करता येईल. स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, तिथे वारा कुठून येतो आणि कुठे अडतो हे बहुतेक घरांत फक्त आईला माहीत असतं.

आमची शाळा जुनी. मागच्या बाजूच्या चार खोल्यांना कौलं आहेत, पुढे लांब व्हरांडा आहे आणि दारांच्या वर झरोके आहेत. पुढची नवी इमारत स्लॅबची, व्हरांडा अरुंद, झरोके नाहीत. पालकांना आपली मुलं नव्या इमारतीतच बसायला हवी असतात आणि इतकी वर्षं आम्हालाही तेच बरोबर वाटायचं. मुलांनी मार्चमधल्या नोंदी काढल्या तेव्हा दुपारी तीनला सगळ्यांत गरम खोली नव्या इमारतीच्या वरच्या मजल्याची निघाली, हे सांगायला नकोच. त्या खोलीत पाचवीचा वर्ग बसतो.

जुन्या खोल्यांत मात्र एक घोटाळा सापडला. उदबत्तीचा धूर वर गेला आणि तिथेच घोटाळत राहिला, झरोक्यातून बाहेर पडेना. एका मुलाला बाकावर चढवून बघायला लावलं. झरोक्यांना आतून पुठ्ठे ठोकलेले होते आणि त्यावर आमचेच तक्ते चिकटवलेले. कधीतरी चिमण्या घरटी करतात म्हणून आम्ही शिक्षकांनीच ते केलं होतं आणि विसरून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे काढले. बाजारातून बारीक तारेची जाळी आणली, सहा झरोक्यांना दोनशे ऐंशी रुपये लागले. पाचवीचा वर्ग एप्रिलपासून दुपारच्या तासांना त्या कौलारू खोलीत बसवायचा, असा अर्ज मुलांनी स्वतः लिहून मुख्याध्यापकांना दिलाय. सोबत तापमानाचा तक्ताही जोडलाय.